चाकोरीबाहेर

चाकोरी हा शब्द आमच्या भाषेंत उगाच बदनाम झाला आहे. चाकोरींतला मनुष्य म्हणजे ठरल्या वेळीं कचेरींत जाणारा, ठरल्या वेळीं घरीं येणारा, आणि मधल्या काळांत कोणाच्याहि नजरेंत न भरणारा, असा सर्वांचा समज असतो. उलट कोणाचा गौरव करावयाचा असला, कीं ‘यांनीं चाकोरी सोडली’ हें वाक्य पहिल्याच परिच्छेदांत यावयाचें. परंतु हा शब्द मूळचा गाडीवानाचा आहे. बैलगाड्यांच्या लोखंडी धांवा वर्षानुवर्षें एकाच वाटेनें जाऊन जमिनींत जे दोन समांतर चर पाडतात, ती चाकोरी. गाडीवानाला ती कंटाळवाणी वाटत नसे. तिच्या तळाची माती दबून घट्ट झालेली असते, बैलांना ती अंधारांतहि सांपडते, आणि धनी गाडींत झोंपी गेला तरी गाडी घरीं येते. पावसाळ्यांत काळ्या रानांत चाकोरी सोडून चार हात बाजूला गेलेली गाडी आंसापर्यंत रुतते, आणि मग दुसऱ्याची बैलजोडी मागावयास रात्रीं गांवांत जावें लागतें, हें तो जाणून असे. ‘संसाराचा गाडा’ हा शब्दप्रयोग आपल्या तोंडीं इतका सहज बसला आहे, तो या अनुभवामुळेंच.

हल्लींच्या मोटारींच्या जाहिराती पाहिल्या, तर त्यांत मोटार रस्त्यावर अशी क्वचितच दिसते. ती डोंगर चढत असते, ओढ्याचें पाणी उडवीत असते, वाळवंटांतून भरधांव जात असते; आणि आंत बसलेलें कुटुंब या सर्व प्रकारांत हंसत असतें. ती जाहिरात पाहून जो गृहस्थ गाडी घेतो, तो तिच्यांतून मुलांना शाळेंत पोंचवितो आणि रविवारीं मंडईंतून भाजी आणतो. यांत गैर कांहींच नाहीं. परंतु दाराशीं उभी असलेली ती उंच, दांडगी गाडी त्याला अधूनमधून विचारीत असावी, कीं डोंगर केव्हां? या दांडग्या दिसणाऱ्या गाड्यांपैकीं पुष्कळांच्या यंत्राचा जोर पुढच्या दोनच चाकांना मिळतो, मागचीं दोन नुसतीं मागें येतात, ही गोष्ट जाहिरातींत ठळक अक्षरांनीं छापलेली नसते.

अशीच एक गाडी आमच्या पुतण्यानें घेतली, आणि गेल्या माघांत आम्हां उभयतांस व आपल्या मातोश्रींस, म्हणजे आमच्या वहिनींस, तो दापोलीकडील समुद्रकिनारा दाखविण्यासाठीं घेऊन गेला. कर्जाचा तिसराच हप्ता नुकता फिटला होता. आमच्या कैलासवासी बंधूंनीं हयातभर सायकलीपलीकडे वाहन ठेवलें नव्हतें. त्यामुळें त्या गाडींत पुढच्या आसनावर बसतांना वहिनींच्या मुद्रेवर जें समाधान दिसे, त्याचें मोल हप्त्यांच्या हिशेबांत बसण्याजोगें नव्हतें.

किनाऱ्यावर पोंचलों तेव्हां साडेतीनचा सुमार होता. समुद्र दूर सरला होता आणि ओली पुळण सारवलेल्या अंगणासारखी लांबच लांब पसरली होती. तिच्यावर तीन-चार मोटारी मजेनें फेऱ्या मारीत होत्या. तें पाहून पुतण्यानेंहि आपली गाडी खालीं घातली. पाव मैल ती अशी सुरेख धांवली, कीं ‘विमानांत बसल्यासारखें वाटतें’ असा अभिप्राय वहिनींनीं दिला. विमानांत त्या कधीं बसल्या नव्हत्या. पुढें, पावसाळ्यांत जेथें एक पऱ्ह्या समुद्राला मिळतो, तेथें गाडी वळवितांना वरून कोरडी व आंतून पाझरणारी वाळू लागली, आणि पुढचीं दोन्ही चाकें खालीं बसलीं.

अशा वेळीं कोणीहि जें करील तेंच पुतण्यानें केलें. त्यानें जोर दिला. यंत्र गरजलें, वाळूचे फवारे उडाले, आणि गाडी पुढें जाण्याऐवजीं खालीं गेली. त्यानें आणखी जोर दिला. ती आणखी खालीं गेली. पांच-सात मिनिटांत गाडीचें पोट वाळूला टेकलें. फेऱ्या मारणाऱ्यांपैकीं एका सज्जनानें आपल्या मोटारीला दोर बांधून ओढून पाहिलें. दोर तुटून असा उडाला, कीं कोणाचा डोळा गेला नाहीं हेंच नशीब. मग ते सज्जन निघून गेले. उरलेल्यांनीं मोबाइलवर आमचीं छायाचित्रें घेतलीं, आणि तेहि गेले.

इतक्यांत सुरूच्या बनांतून एक वृद्ध कोळी आणि त्याच्या मागून चार-पांच तरुण आले. म्हातारबाबांनीं गाडीकडे पाहिलें नाहीं, समुद्राकडे पाहिलें. मग म्हणाले, “आज दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. साडेसातला पाणी भरणार.” आणि त्यांनीं आमच्या मागें बऱ्याच वर असलेल्या शेवाळाच्या रेघेकडे बोट दाखविलें. त्या दिवशीं दशमी आहे हें आमच्या घरांतहि माहीत होतें. दुसऱ्या दिवसाच्या एकादशीसाठीं साबुदाणा भिजवावयाचा होता. तिथीची पाऊणपट केली, कीं पूर्ण भरतीची वेळ निघते, हें कोंकणचें साधें गणित आहे. चंद्रामुळें भरती रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरा येते, म्हणून तें जवळजवळ बरोबर येतें. एकाच पंचांगांतून एक घर फराळ काढतें आणि दुसरें घर जीव वांचविण्याची वेळ काढतें.

घड्याळांत पावणेपांच झाले होते.

“आधीं मशीन बंद करा,” म्हातारबाबा म्हणाले. “चाकं फिरवाल तितकीं खालीं जाणार. आतां सगळे उतरा.”

पुतण्या उतरला, आम्ही उतरलों. वहिनी मात्र बसून राहिल्या. त्यांचें वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे जवळजवळ निकामी. पण खरें कारण गुडघे नव्हतें. मुलाची गाडी संकटांत असतां आपण तींतून उतरणें हें त्यांना गाडी सोडून देण्यासारखें वाटत होतें. “मी बसतें, माझें असें काय ओझें,” असें त्या म्हणाल्या. तेव्हां तरुणांच्या मागून आलेल्या दोन कोळणी पुढें झाल्या. त्यांनीं कांहीं न बोलतां वहिनींच्या दोन्ही काखांत हात घातले, आणि त्यांना वर नेऊन एका उपड्या घातलेल्या होडीवर बसविलें.

मग काम सुरू झालें. म्हातारबाबांनीं चाकांतील निम्मी हवा काढावयास सांगितली. नव्या गाडीच्या चाकांची हवा काढावयाची, म्हणजे पुतण्याला घायाळाचें रक्त काढण्यासारखें वाटलें. परंतु त्यानें काढली. तरुणांनीं पोटाखालची वाळू हातांनीं व फळीच्या तुकड्यांनीं उकरली, पाझरणाऱ्या पाण्याला खालच्या अंगाला चर काढून वाट दिली. चाकांच्या मागें त्यांनीं सुक्या झावळ्या, गोणपाटें, आणि होड्या ओढावयाच्या दोन फळ्या सरकविल्या. चाकांच्या पुढें नव्हे, मागें. कारण म्हातारबाबांचें म्हणणें असें, कीं गाडी ज्या वाटेनें आली त्याच वाटेनें जाईल. तिच्याच वजनानें ती वाट दबलेली आहे.

त्या गडबडींत आम्ही एकदां होडीकडे पाहिलें. एका कोळणीनें चहाचा पेला वहिनींच्या पुढें धरला होता. वहिनींच्या सोंवळ्याओंवळ्याचा दरारा आमच्या घराच्या तीन पिढ्यांनीं अनुभविलेला आहे. पुढचें पाहावें लागूं नये म्हणून आम्ही मान फिरविली. थोड्या वेळानें पाहिलें तों पेला रिकामा होता, आणि वहिनी त्या बाईच्या दुखऱ्या मनगटाला कोणतें तेल लावावें तें सांगत होत्या.

सहाला फेंसाची पहिली रेघ मागच्या चाकांपासून दहा हातांवर आली. पुतण्या आंत बसला. म्हातारबाबांनीं बजावलें, “हळू. चाकाला कळतां कामा नये.” सात माणसांनीं पुढून खांदा लावला, होडी ओढतांना घालतात तशी हांक घातली, आणि गाडी झावळ्यांवरून करकरत मागें आली.

या सर्व प्रकारांत मंत्र नव्हता, साधें शास्त्र होतें. तें आम्हीं मागाहून समजून घेतलें. ओलसर वाळूच्या कणांमध्यें पाण्याचे सूक्ष्म पूल असतात. त्यांच्या ताणामुळें कण एकमेकांना धरून राहतात. मुलांचे वाळूचे किल्ले उभे राहतात ते याच बळावर. वाळू पूर्ण सुकली, कीं हे पूल मोडतात. उलट ती पाण्यानें पूर्ण भरली, कीं कण एकमेकांवर टेकण्याऐवजीं पाण्यावर तरंगूं लागतात. सारवलेल्या अंगणासारखी दिसणारी पुळण ही या दोहोंमधली, ओहोटीनें कांहीं घटकांपुरती उसनी दिलेली जमीन आहे.

हवेचें गणितहि असेंच सोपें आहे. मोटारीचें वजन ३,५०० पौंड धरलें, तर एका चाकावर ८७५ पौंड येतात. चाकांत दर चौरस इंचास ३५ पौंड दाबाची हवा असेल, तर स्थूल मानानें २५ चौरस इंच, म्हणजे तळहाताएवढी जागा जमिनीला टेकते. हवा निम्मी केली, कीं तीच जागा ५० चौरस इंच होते, आणि वाळूवरील भार निम्मा होतो. उंटाचें पाऊल पसरट असतें तें यासाठींच. आणि जोर देऊन उपयोग कां होत नाहीं? कारण मोटारीच्या जोडचाकांची रचना अशी असते, कीं दोघांनाहि जोर सारखाच मिळतो. एक चाक निसटून फुकट फिरूं लागलें, कीं त्याला लागतो तेवढाच क्षुल्लक जोर घट्ट जमिनीवरच्या चाकाच्याहि वांट्याला येतो. एकत्र कुटुंबांत एकानें अंग काढून घेतलें म्हणजे दुसऱ्याच्या कर्तबगारीचें जें होतें, तेंच हें.

हें ज्ञान मोठमोठ्यांना वाळूंत बसूनच मिळवावें लागलें आहे. राल्फ बॅग्नोल्ड या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें १९२९ ते १९३२ या काळांत ईजिप्तच्या पश्चिमेस पसरलेल्या लिबियाच्या वाळवंटांत साध्या फोर्ड मोटारी नेल्या. त्यांना चारी चाकांचा जोर नव्हता. त्यानें चाकांतील हवा कमी केली. आणि पहिल्या महायुद्धांत खंदकांच्या छपरांसाठीं बनविलेल्या पोलादी पन्हळी कैरोंतील एका जुन्या सामानाच्या दुकानांतून घेऊन त्या रुतलेल्या चाकांखालीं घातल्या. चाक पन्हळीवर चढावें, गाडी पुढें सरावी, पन्हळ उचलून पुन्हां पुढें ठेवावी. तेथें रुतणें हा अपघात नव्हता, दिनक्रम होता. या प्रवासांवरील त्याचें पुस्तक १९३५ सालीं निघालें. पुढें १९४० सालीं त्यानेंच वाळवंटांत दूरवर टेहळणी करणारें ब्रिटिश लष्कराचें पथक उभें केलें, तेव्हां त्या पथकाच्या गाड्यांवरहि पन्हळी होत्या. आणि ज्या वाळूनें त्याला इतके वेळां अडविलें, तिच्यावर न चिडतां त्यानें तिचा अभ्यास केला. वाऱ्यानें वाहणाऱ्या वाळूच्या शास्त्रावरील त्याचा १९४१ सालचा ग्रंथ आजहि अभ्यासकांना आधारभूत वाटतो. आमच्या किनाऱ्यावरच्या झावळ्या आणि कैरोच्या पन्हळी एकाच बुद्धीच्या बहिणी आहेत.

मात्र नुसती बुद्धि असून भागत नाहीं. अमेरिकेनें ‘स्पिरिट’ नांवाची सहा चाकांची गाडी मंगळावर पाठविली. ती जानेवारी २००४ मध्यें तेथें उतरली. तिच्याकडून नव्वद दिवसांच्या कामाची अपेक्षा होती; ती पांच वर्षांहून अधिक काळ चालली. मे २००९ मध्यें मातीचा वरचा पापुद्रा फुटून ती खालच्या मऊ थरांत रुतली. कॅलिफोर्नियांतील प्रयोगशाळेंत शास्त्रज्ञांनीं तशाच मातीची पेटी केली, तींत तशीच गाडी रुतविली, आणि तिला बाहेर काढण्याचे प्रयोग महिनोन्महिने केले. जानेवारी २०१० मध्यें त्यांनीं ती आतां हलणार नाहीं असें जाहीर केलें, आणि मार्चमध्यें तिचा शेवटचा संदेश आला. पृथ्वीवरील उत्तमोत्तम डोकीं तिच्यासाठीं राबत होतीं. खांदा लावावयास तेवढें कोणी नव्हतें.

रुतलेल्या वाहनाची गोष्ट निघाली, कीं आपल्यापैकीं प्रत्येकाच्या मनांत शेवटीं एकच रथ येतो. ब्राह्मणाची गाय अजाणतां मारली गेली, त्याच्या शापानें कर्णाच्या रथाचें चाक ऐन युद्धांत भूमीनें गिळलें. कर्ण खालीं उतरला आणि त्यानें असा जोर लावला, कीं सप्तद्वीपा पृथ्वी चार अंगुळें वर उचलली गेली, पण चाक सुटलें नाहीं. आम्हांला लहानपणीं यांत त्याचें सामर्थ्य दिसे. आतां त्यांत दुसरें कांहीं दिसतें. पृथ्वी उचलण्याएवढें बळ असलेल्या वीराजवळ चाकाखालीं घालावयास एक झावळी नव्हती, आणि सारथ्याच्या जागीं शल्यासारखा त्याचा तेजोभंग करणारा मनुष्य होता. मग त्यानें अर्जुनाला धर्माची आठवण दिली, कीं चाक निघेपर्यंत थांब. त्यावर श्रीकृष्णानें विचारलें, कीं भर सभेंत द्रौपदीची विटंबना झाली तेव्हां हा तुझा धर्म कोठें गेला होता? रुतलेल्या मनुष्याला विचारण्यासारखा याहून कठोर प्रश्न नाहीं: दुसरा रुतला होता, तेव्हां तूं कोठें होतास?

हाच प्रश्न आम्हांसहि ऐकावा लागला, फक्त गाडी बाहेर निघाल्यानंतर. पुतण्यानें पाकीट काढून नोटा पुढें केल्या. म्हातारबाबांनीं हात मागें घेतला आणि हंसत विचारलें, “उद्यां आमची होडी रुतली तर तुम्ही येणार काय?” त्यांत टोमणा नव्हता, त्यामुळेंच उत्तर सुचेना. आम्ही पुण्याहून येऊं शकत नाहीं हें त्यांना दिसत होतें. पैसे ठेवून घेतले असते, तर हिशेब तेथेंच मिटला असता. तो त्यांनीं मिटूं दिला नाहीं. त्याऐवजीं त्यांनीं एकच गोष्ट मागितली. “हे चर बुजवून जा. पोरं निघतील आतां, अडकतात त्यांत.”

हीं पोरें म्हणजे कासवांचीं पिलें. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्रकासवांच्या माद्या हिंवाळ्यांत रात्रीं आमच्या कोंकणच्या पुळणींवर येतात, भरतीच्या रेघेवर खड्डा करून शंभराच्या आसपास अंडीं घालतात, आणि परत जातात. दीड ते दोन महिन्यांनीं दोन बोटांएवढीं पिलें बाहेर पडून उजळ क्षितिजाच्या रोखानें समुद्राकडे सरपटत निघतात. मंडणगड तालुक्यांतील वेळास येथें हीं घरटीं राखण्याचें काम चिपळूणच्या सह्याद्रि निसर्गमित्र या संस्थेनें २००२ सालीं सुरू केलें. पुढें आंजर्लें व इतर गांवांतहि तें होऊं लागलें. मोटारीच्या चाकानें वाळूखालचीं अंडीं दबतात हें कोणाच्याहि लक्षांत येईल. परंतु चाकाचा चर पिलाला ओलांडतां येत नाहीं. तें त्यांत पडतें, आणि समुद्राकडे जाण्याऐवजीं चराच्या कडेकडेनें चालत राहतें. सकाळपर्यंत त्याला खेंकडा गांठतो किंवा कावळा उचलतो. आमची गाडी दीड तास अडकली होती. तिनें पाडलेला चर राहिला असता, तर त्यांत पुढच्या कित्येक रात्रीं कोणी ना कोणी अडकत राहिलें असतें. पुतण्या, आम्ही आणि दोघे तरुण दशमीच्या चांदण्यांत फळ्यांनीं ते बुजवीत होतों. वहिनी वरून ‘तो तिकडचा राहिला’ असें सांगत होत्या.

चाकोरीबाहेर कोणी जाऊंच नये, असें आम्ही म्हणणार नाहीं. बॅग्नोल्ड गेला नसता, तर वाळूचें शास्त्र इतकें पुढें आलें नसतें. आणि सर्वच शहाणे घरीं बसले असते, तर आजच्या चाकोऱ्या तरी कोणी पाडल्या असत्या? परंतु जो जातो त्याला कोठेंतरी रुतावें लागतें, आणि त्याला बाहेर काढणारे बहुधा त्याच वाटेवर राहणारे, त्याला अनोळखी लोक असतात. त्यांना त्याच्या गाडीचें नांव ठाऊक नसतें. जमिनीचा स्वभाव ठाऊक असतो. त्यांचें देणें पैशांनीं फिटत नाहीं, आणि त्यांची होडी ओढावयास आपण प्रत्यक्ष जाऊं शकूं असेंहि नाहीं. आपल्या हातीं एवढेंच राहतें, कीं आपल्या गल्लींत, आपल्या कचेरींत, आपल्या दाराशीं ज्याचें चाक रुतलेलें दिसेल त्याला खांदा द्यावा; आणि आपण सुटलों त्या जागेवरून निघण्यापूर्वीं मागें वळून आपला चर बुजवावा.